तीन नंबरचा रेगुलेटर

आमच्या घरच्या रेगुलेटरचा विषय निघाला की लोकांना गॅसची शेगडी आठवते. लातुरात अर्धं आयुष्य मी हेच सांगत आलेय की बाबांनो, गॅसचा नाही, श्वासाचा. पाण्याखाली उतरणारा माणूस पाठीवर हवेचा सिलेंडर बांधतो. त्यातली हवा इतकी दाबून भरलेली असते की ती थेट तोंडात घेणं म्हणजे मरणाला आवतन. म्हणून मधे एक यंत्र लागतं. त्याचा पितळी भाग सिलेंडरच्या मानेवर बसतो, दुसरा भाग दातांत धरायचा, मधे रबरी नळी. ओढली तर हवा द्यायची, सोडली तर बंद करायची, आणि माणूस कितीही खोल गेला तरी हात आखडता घ्यायचा नाही, एवढंच त्या यंत्राचं काम. हे सगळं ऐकून घेतल्यावर समोरचा हमखास विचारतो, "पण लातुरात?" हो, लातुरात! आठ आठ दिवस नळाला पाणी न येणाऱ्या गावात पाण्याखाली श्वास घ्यायची यंत्रं दुरुस्त करणारं एक घर होतं, आणि ते आमचं. हसायचं तर आधी हसून घ्या, मग पुढचं सांगते.

माझे वडील, म्हणजे अप्पा, डिझेल इंजिनाचे पंप दुरुस्त करायचे. पुढच्या दोन खोल्यांत दुकान, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. सकाळी उठावं तर कपाळाला भस्माचे पट्टे ओढून अप्पांची लिंगपूजा चाललेली, तिचा आवाज काही नसायचा. आवाज सगळा मागून, अव्वाच्या भाकरी थापण्याचा. अव्वा म्हणजे आई. तिचं माहेर निलंग्याच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला चिकटलेलं, त्यामुळे आम्ही तिला आई कधी म्हटलंच नाही आणि चिडली की ती निम्मं कानडीत चिडायची. पूजा संपली की पुढच्या खोलीत कानशीचा खरखर आवाज सुरू व्हायचा, आणि दुपारी जेवायला बसलो की शेंगांच्या चटणीला, कांद्याला, ताकाला, सगळ्यालाच डिझेलचा वास. अव्वा म्हणायची, "ह्या घरात देव बी डिझेलचाच नैवेद खातो." मला मात्र तो वास आवडायचा. अजून आवडतो. परवा सून माझी जुनी हत्यारं गॅलरीत काढून ठेवत होती तेव्हा मी मुद्दाम त्यातलं एक फडकं नाकाला लावून बघितलं.

आमच्याकडं ही यंत्रं आणली ती फौजीकाकांनी. नायगावकडचा माणूस. नौदलात पाणबुडे होते, रिटायर होऊन गावी आले ते चार जुने रेगुलेटर आणि हवा भरायचं एक यंत्र घेऊन. धरणाच्या दारांत अडकलेलं झाड काढायचं असो, विहिरीत पडलेली मोटर असो, की नांदेडला गोदावरीत कुणी बुडालेलं असो, लोक त्यांनाच बोलावायचे. एकदा त्यांचा एक रेगुलेटर गळायला लागला. मुंबईला कोण नेणार? तो टॉवेलात गुंडाळून ते आमच्या दुकानात आले आणि म्हणाले, "मिस्त्री, बघून घ्या. हाव म्हणा नाहीतर न्हाई म्हणा, पण मधलं काही सांगू नका." अप्पांनी असलं यंत्र जन्मात बघितलं नव्हतं. त्यांनी ते दोन दिवस खोलून ठेवलं, निघेल तो प्रत्येक भाग कागदावर काढला, त्याला नंबर दिला, आणि तिसऱ्या दिवशी जोडून फौजीकाकांच्या हातात ठेवलं. "आपल्या पंपाचाच धाकटा भाऊ हाय," म्हणाले, "फक्त जरा नाजूक तब्येतीचा."

मी तेव्हा कॉलेजात होते, विज्ञान शाखेला, आणि मला वाटायचं की आपल्याला सगळं येतं. खरं सांगायचं तर बरंचसं येत होतंच. माझे कान फार तिखट. कुकरची रिंग सैल झालीय हे अव्वाला शिट्टीआधी कळायचं आणि मला अव्वाच्या आधी कळायचं. रेगुलेटरला सिलेंडर जोडला, हवा सोडली की मी त्याला कान लावून बसायची. नीट असेल तर मुका. जरा कुठं रबराची रिंग चिरली असेल, आतला रबरी पडदा कडेला उचलला असेल तर बारीकशी सुसकारी यायची. अप्पा म्हणायचे, "कुठनं?" मी डोळे मिटून बोट ठेवायची. दहातल्या नऊ वेळा तिथंच. दहावी वेळ मी कबूल करायची नाही.

फौजीकाकांचा एकच नियम होता आणि तो त्यांनी पहिल्याच दिवशी घालून दिला होता. ज्यानं यंत्र जोडलं त्यानंच त्यातला पहिला श्वास घ्यायचा, तोही पाण्यात. बाहेर नाही. पाण्यात यंत्राचं खरं रूप कळतं, आणि ते वापरणाऱ्याच्या आधी जोडणाऱ्याला कळावं. पोहायला मी निलंग्याला मामाच्या विहिरीत शिकले होते, यंत्र तोंडात धरून उतरायला काकांनी तिथंच शिकवलं. पण दर वेळी निलंग्याला कोण जाणार? घरात अंगणालगत पाणी साठवायचा हौद होता, माझ्या गळ्याएवढा खोल. नळाचं पाणी यायच्या दिवशी तो धुवायचा, आणि धुवायच्या आधी तळाला जे पाणी उरलेलं असायचं त्यात मी यंत्रासकट डोकं बुडवून बसायची, अशी अव्वानं सवलत दिली होती. नंतर यंत्रं खळबळून काढायला मात्र ती पिण्याच्या पाण्याची एक घागर द्यायची. बोअरच्या पाण्यानं आत पांढरा क्षार बसतो हे तिला पटलं होतं, कारण तिच्या भांड्यांवर तो रोजच बसायचा. घागर देताना मोजून चार वाक्यं ऐकवायची, पण द्यायची.

फौजीकाका दर दसऱ्याला सीमोल्लंघन म्हणून जीप काढायचे. नांदेडच्या घाटावरची होडी चालवणारी, बुडालेल्यांना शोधायला उतरणारी पोरं सोबत घ्यायची आणि मालवणकडं समुद्रात नेऊन चार दिवस सराव द्यायचा. त्या आधी चारही रेगुलेटर आमच्याकडं तपासायला. त्या वर्षी नेमकं अप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर हिरवी पट्टी, महिनाभर वाकायचं नाही, बारीक काम करायचं नाही. फौजीकाका माझ्याकडं बघून म्हणाले, "पोरी, तू एकटी करून दाखवतीस का? न्हाई म्हणालीस तरी हरकत न्हाई, ह्या साली जाणं रद्द." मी काय नाही म्हणणार? मी तर वाटच बघत होते.

चार दिवस मी दुकानाला कडी लावून बसले. पांढऱ्या धुतल्या टॉवेलावर एकेक यंत्र खोललं. जुन्या रिंगा काढून नव्या घातल्या, सिलिकॉनचं ग्रीस नखभर घेऊन अंगठ्यानं फिरवलं. तेल नाही, हां! अप्पांच्या दुकानात हरेक वस्तूला तेलाचा थेंब मिळायचा, पण दाबलेल्या हवेच्या वाटेवर तेल म्हणजे आगीला निमंत्रण, हे अप्पांनी भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं होतं. पडदा उजेडाला धरून छिद्र बघितलं. सिलेंडर जोडून दाबाचा काटा बघितला. काटा एका जागी थांबला पाहिजे, हळूहळू वर सरकला तर आतल्या झडपेची बैठक खराब समजायची. चारही काटे जागच्या जागी. कान लावला, चारही मुके. मी प्रत्येकाच्या नळीला चिठ्ठी बांधली, नंबर घातला, खाली माझं नाव लिहिलं, शिवलीला. ते नाव मी चार वेळा वाचलं, हे आता कबूल करायला हरकत नाही. अप्पा आतून विचारायचे, "काटा?" मी म्हणायची, "ठाम." "कान?" "मुका." पाण्यातली तपासणी तेवढी राहिली, कारण नळ यायला अजून चार दिवस होते आणि हौदातल्या पाण्याला अव्वा हात लावू देत नव्हती.

आणि नळ आला तो बरोबर खंडेनवमीला. आता खंडेनवमी म्हणजे आमच्या दुकानाची दिवाळी. सगळी हत्यारं घासूनपुसून पाटावर मांडायची, गंध, हळद-कुंकू, झेंडूची फुलं, आणि मग दुसऱ्या दिवशी दसऱ्याची आरती होईस्तोवर एकाही हत्याराला हात लावायचा नाही. पाने, पकडी, अप्पांचा बारीक कानशींचा डबा आणि सगळ्यांच्या पुढं ओळीनं चार रेगुलेटर, अशी मांडणी अव्वानं सकाळीच करून ठेवली होती. दुपारी गल्लीत आरडाओरडा झाला, नळ आला, नळ आला. अव्वा पाइप घेऊन धावली. मी म्हटलं, "अव्वा, मला यंत्रं पाण्यात घालायची आहेत."

"आज? पुजल्यावर? अगं काय करून राहिलीस तू, देव झोपलाय त्यांच्यात."

"उद्या फौजीकाका येणार आहेत."

"मंग उद्या आरती झाल्यावर घाल. आता मी पाणी भरू का तुझी यंत्रं बुडवू? नळ काय तुझ्यासाठी थांबतोय व्हय?"

मी भांडू शकले असते. भांडायला मी कधी कमी पडले नाही, आमच्या गल्लीला विचारा. पण खरं कारण वेगळं होतं. मला मनातून वाटलं, कशाला हवीय आता पाण्यातली तपासणी? काटा ठाम, कान मुका, रिंगा नव्या. मी तपासलंय म्हणजे तपासलंय. अव्वानं अडवलं हे निमित्त मिळालं तेव्हा मी ते आनंदानं घेतलं आणि तिच्याबरोबर घागरी उचलायला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून हौदात उतरायचं, असंही ठरवलं होतं. सकाळी हौद काठोकाठ भरलेला बघून तेही सोडून दिलं. एवढं गोड पाणी आठ दिवस पुरवायचं होतं.

दसऱ्याला अकराच्या सुमारास जीप आली. फौजीकाकांनी आपट्याची पानं हातात ठेवली, अप्पांच्या पाया पडले. अव्वानं हुग्गी केली होती, गव्हाची, गूळ घालून, वर साजूक तूप. सगळ्यांनी उभ्यानंच खाल्ली. वाटेसाठी धपाट्यांची चवड आणि शेंगांची चटणी बांधून तयार. फौजीकाकांनी यंत्रं पिशवीत भरता भरता विचारलं, "पहिला श्वास कुणी घेतला?"

"मी," मी म्हटलं.

एवढा एकच शब्द. माझी जीभ अडखळली नाही, कान तापले नाहीत, काही झालं नाही. आतल्या खोलीत अप्पा पट्टी बांधून पलंगावर बसले होते. ते काही बोलले नाहीत. दारात सटवा उभा होता, नांदेडच्या घाटावरचा, माझ्याच वयाचा, नवीन लग्न झालेला. गोदावरीतून त्यानं किती माणसं बाहेर काढली असतील, पण समुद्र त्यानं कधी बघितला नव्हता. त्यानं हळूच विचारलं, "ताई, तीन नंबर मला देऊन राहिलेत काका. बराबर हाय ना? मी पयल्यांदाच खाऱ्या पाण्यात उतरून राहिलो."

"डोळे झाकून घाल तोंडात," मी म्हटलं. तो हसला आणि त्याच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला स्पष्ट दिसलं. जीप गेली.

मी पाटावरची बाकी हत्यारं उचलायला बसले. अव्वा झेंडूची फुलं गोळा करत होती, चेहरा अगदी खुशीत. "ह्या वर्षाला तुझी यंत्रं मी लई नीट पुजली बघ," ती म्हणाली. "दरसाली आपलं त्या रबरी टोपीवरच हळद लावायची. तोंड झाकलेल्याची कसली आली पूजा? ह्या वर्षाला टोप्या काढून तोंडालाच लावली. चांगली कालवून, दाबून. तुझे अप्पा अंथरुणात, तू एकटीनं सगळं केलीस, म्हटलं जरा देवाचा हात आत पोचू दे."

मी हातातला पाना खाली ठेवला. "तोंड म्हणजे? कुठलं तोंड?"

"अगं ते पितळी, सिलेंडरावर बसतंय ते. कुंकू बी लावलं व्हतं, पण तांबडं दिसलं की तू वरडशील म्हणून पदरानं पुसून काढलं. टोप्या परत घातल्या."

त्या तोंडात, अगदी दर्शनीच, बोटाच्या पेराएवढं फिल्टर असतं. पितळेचे बारीक कण एकमेकांना चिकटवून केलेलं. हवा पुढं जायची ती त्याच्यातूनच. त्या कणांमधल्या फटींत कालवलेली हळद भरून वाळली म्हणजे काय झालं असेल ते मला सांगायला कुणी नको होतं. वर, बाहेर, तोंडात धरून दोन श्वास घेतले तर काही कळणार नाही. खोल गेलं की दर श्वासाला जास्त हवा लागते, आणि तिथं ती येणार नाही. मी काल जर एक यंत्र हौदात घेतलं असतं तर टोपी काढतानाच हळदीचा वास आला असता. नुसता काटा बघितला असता तरी तो दर श्वासाला धाडकन खाली येताना दिसला असता. मी अव्वावर ओरडले नाही. कुठल्या तोंडानं ओरडू? मी सटवाला डोळे झाकायला सांगितलं होतं.

मी मोपेडची किल्ली घेतली तशी आतून सगळं ऐकत बसलेल्या अप्पांनी हाक मारली. "शिवे, इकडं ये." त्यांनी उशाखालून गोळ्यांची जुनी डबी काढली. आत कापसात नवी चार फिल्टरं, त्यांनी मुंबईहून मागवून जपून ठेवलेली. "काल हौदात यंत्र बुडाल्याचा आवाज मला आला न्हाई," ते म्हणाले. "पट्टी डोळ्याला हाय, कानाला न्हाई. तू फौजीला 'मी' म्हणलीस तवाच कळलं. चार लोकांत पोरीचं तोंड कशाला पाडावं म्हणून गप बसलो. माझं बी चुकलं. जा, औशाला चहाला थांबतो तो दरसाली." अप्पांनी मला एकदा मारलं असतं तरी बरं झालं असतं. त्यांच्या त्या पट्टीखालून पाणी आलं होतं, ते पुसायचीही त्यांना डॉक्टरांनी बंदी केली होती. मी पदरानं त्यांचा गाल टिपला आणि निघाले.

अव्वा मोपेडवर मागं येऊन बसलीच. "हळद मी लावली, मी बी येते." दसऱ्याचं इरकल नेसलेली, नाकात नथ, मांडीवर माझ्या हत्यारांची पिशवी. लातूर ते औसा त्या बिचाऱ्या मोपेडनं दोघींना कसं ओढलं ते तिलाच माहीत. दुतर्फा सोयाबीनची खळी चाललेली, वाटेतले लोक हात करून "सोनं घ्या, सोनं घ्या" म्हणत होते, आणि अव्वा मागं बसून सगळ्यांना तोंडानंच सोनं देत होती. मधेच तिनं विचारलं, "शिवे, ते पोरगं मेलं असतं का गं?" मी म्हटलं, "गप बस अव्वा." मग औशापर्यंत तिनं कुणाला सोनं दिलं नाही. माझी कंबर मात्र घट्ट धरून ठेवली.

जीप हॉटेलासमोर उभी होती. पोरं बाकड्यावर बसून धपाटे खात होती. मी मोपेड स्टँडवर न लावता तशीच आडवी टाकली आणि फौजीकाकांच्या पुढं जाऊन उभी राहिले. "काका, मी खोटं बोलले. काल एकही यंत्र पाण्यात घातलं नाही मी. पहिला श्वास कुणीच घेतला नाही." बोलताना सटवाकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण बघितलंच. त्यानं हातातला घास परत कागदावर ठेवला. फौजीकाकांनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणाले, "अन् हे आता का सांगून राहिलीस?" तेव्हा अव्वा पुढं झाली आणि हळदीचं सगळं सांगितलं, काही न लपवता, पदर डोक्यावर घेऊन, कोर्टात सांगावं तसं. काकांनी पिशवीतून तीन नंबर काढला, टोपी काढली, तोंडात डोकावले. "नवीन फिल्टर घातलीस की काय? चमकून राहिलंय." ही हळदीची गंमत बघा, वाळली की नव्या पितळेसारखी दिसते. एवढा मोठा दर्यावर्दी, वीस वर्षं समुद्राखाली काढलेला, तोही फसला. मी नखानं खरवडून पिवळा लपका त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो नाकाला लावला.

"काका," मी म्हटलं, "तीन नंबर तसाच मी ओढून बघते. मला कळलं पाहिजे." ते नाही म्हणतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "कमरेला दोर बांध. वर येताना दम कोंडू नको, सोडत ये."

हॉटेलामागं विहीर होती, पाऊस नुकताच संपलेला, पाणी वरच्या पायरीला टेकलेलं. साडीचा काष्टा मारून, पाठीला जीपमधला सिलेंडर आणि कमरेला दगडाची पिशवी बांधून मी उतरले. दोर सटवानं धरला होता. वरच्या वर पहिले श्वास छान आले, इतके की मला वाटलं उगीच घाबरलो आपण. मी दोन पुरुष, म्हणजे दहा-बारा फूट, खोल गेले. तिथं ओढला तो श्वास अर्धाच आला. दुसरा त्याहून कमी. तिसऱ्याला मी जीव खाऊन ओढलं आणि नळीतून काही म्हणजे काहीच आलं नाही. दाताखाली नुसतं रबर. ते हिरवं पाणी, वर अंधुक दिसणारा उजेड, आणि छातीत हवेची जागा रिकामी. मी दोर ओढला, होता तेवढा श्वास सोडत वर आले, आणि पायरीला धरून हमसून हमसून रडले. भीतीनं नाही. त्या जागी मला सटवा दिसला होता, समुद्रात, डोळे झाकून.

रडून झाल्यावर तोंड धुतलं आणि कामाला बसले. हॉटेलवाल्यानं टेबल रिकामं करून दिलं, अव्वानं त्यावर धुतलेला टॉवेल पसरला आणि धपाट्यांचा रिकामा कागद घेऊन माश्या वारत उभी राहिली. चारही तोंडं उघडली, फिल्टरं काढली, हळदीचा कण न् कण ओल्या फडक्यानं टिपला, सिलेंडरच्या हवेनं वाट फुंकून काढली, अप्पांच्या डबीतली नवी फिल्टरं बसवली. माझा हात एकदाही हलला नाही. हे मी फुशारकीनं सांगतेय का? हो, सांगतेय. त्या दिवशी खोटं बोलणारीही मीच होते आणि ते हातही माझेच होते, दोन्ही माझ्याच नावावर घ्या. मग एकेक यंत्र घेऊन चार वेळा विहिरीत उतरले, दर वेळी तळाला हात लावला, दर वेळी जीव खाऊन ओढलं. चारही वेळा हवा आली, भरभरून, मागितली तेवढी. शेवटचा तीन नंबर मी मुद्दाम ठेवला होता.

मी वर आले तेव्हा फौजीकाका सटवाला म्हणत होते, "तुला दुसरा नंबर घ्यायचा तर घे. न्हाई तर समुद्रात उतरूच नको, किनाऱ्यावर बस. कुणी काही म्हणणार न्हाई." सटवानं माझ्याकडं बघितलं. डोळे झाकून घाल असं त्या दिवसानंतर मी कुणालाच म्हटलेलं नाही, नातवाला आंबा देतानासुद्धा म्हणत नाही.

"ताई, तुम्ही ओढलं?" त्यानं विचारलं.

"ओढलं."

"तळाला?"

"तळाला. पाच वेळा श्वास घेतला."

त्यानं माझ्या हातातून तीन नंबर घेतला. मी दातांनी धरलेली ती जागा अजून ओली होती, ती त्यानं पुसली नाही. सिलेंडर पाठीवर घेतला, यंत्र तोंडात धरलं, पायरीवरून सरळ पाण्यात गेला आणि डोळे सताड उघडे ठेवून माझ्याकडं बघत खाली खाली गेला. दोर आता माझ्या हातात होता. पाणी हललं, निवळलं, आणि मग फुगे यायला लागले, एकामागून एक, सारख्या अंतरानं. मी कान दिला. त्या फुग्यांशिवाय दुसरा आवाज नव्हता. तेवढ्यात काठावरून अव्वाचा आवाज आला. नथ हलत होती, दोन्ही हात कठड्यावर घट्ट, आणि ती तिच्या माहेरच्या भाषेत फुगे मोजत होती, वंदु, एरडु, मूरु, नाल्कु. सटवाचं डोकं पाण्याबाहेर येईस्तोवर तिनं मोजायचं थांबवलं नाही.